अकरा मुले कामावरून बंद झाली, तेव्हा युनियनने काय करायचे?

साकीनाक्याच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ते थोडे आटोपशीर करून येथे देत आहे.

‘आमचा कारखाना इंजिनिअरिंगचा आहे. पक्के कामगार नव्वदच्या आसपास आहेत आणि ठेकेदाराकडचे त्याहून जास्त. मी युनियनच्या कमिटीवर आहे. बफिंग आणि पॉलिशच्या खात्यात बहुतेक मुले उत्तर प्रदेशातली, मुसलमान. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीत दोन गटांत भांडण झाले. त्याच्याशी या मुलांचा काही संबंध नव्हता, पण सुपरवायझरने ठेकेदाराला “त्या खात्यातली मुले बदला” असे तोंडी सांगितले आणि सोमवारी अकरा जणांना गेटवरूनच परत पाठवले. शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत अर्धा तास वाढवून तो संध्याकाळी भरून देण्याची जी जुनी पद्धत होती, तीही बंद केली. दोन मुले युनियनकडे आली. कमिटीत मी हा विषय मांडला तेव्हा आमचे एक ज्येष्ठ साथी म्हणाले की युनियनचे काम भाकरीचे आहे, धर्म गेटच्या बाहेर ठेवा. दुसरे म्हणाले की आपण यात पडलो तर मराठी सभासद कराराच्या तोंडावर दुसऱ्या युनियनकडे जातील. एका तरुण साथीचे मत असे की डाव्यांनी अल्पसंख्याकांचा कैवार घेतला म्हणूनच कामगार त्यांच्यापासून तुटला. मला यातले काहीच पूर्ण पटत नाही आणि उत्तरही देता येत नाही. अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी उभे राहिल्याने कामगारांची एकजूट खरोखर मजबूत होते, की आपण फक्त तसे म्हणत आलो आहोत?’

प्रिय साथी,

तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्याला एक अट आहे. अल्पसंख्य कामगाराच्या हक्काचे काम युनियनने स्वतःचे म्हणून हाती घेतले आणि त्यासाठी बहुसंख्य सभासदाने काहीतरी सोडण्याची तयारी दाखवली, तरच एकजूट वाढते. नुसत्या निषेधाच्या ठरावाने ती वाढत नाही. पुष्कळदा तशा ठरावाने सभासद बिथरतात आणि ज्यांच्यासाठी तो केला त्यांच्या हातीही काही लागत नाही. ही अट मी पुस्तकातून काढलेली नाही. ती आपल्याच शहराने फार मोठी किंमत मोजून शिकवलेली आहे, म्हणून आधी गिरणगावाकडे वळतो.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत जवळजवळ सहा महिने सार्वत्रिक संप चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर या कम्युनिस्ट पुढाऱ्यांची गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली आणि लाल बावटा घराघरांत पोहोचला. याच संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांपुढे एक प्रश्न ठेवला. विणाई खात्यात, म्हणजे साच्यांवर, मजुरी चांगली मिळत असे, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे : धोट्यात, म्हणजे साच्यावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी साधनात, नवी कांडी बसवली की तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायला तोंड लावून तो धागा ओढावा लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. तिथे महाराचे किंवा चांभाराचे ओठ लागले तर चालणार नाही, असे इतर कामगारांचे म्हणणे. त्यामुळे हे लोक कताईच्या कमी मजुरीच्या कामात अडकून राहिले. तुम्ही कारखान्यात वावरणारे आहात, म्हणून हे थोडे सविस्तर सांगितले. भेदभाव कुठल्याशा मोठ्या तत्त्वात नव्हता, तो हातात मावेल अशा एका लाकडी धोट्यात होता. आणि हा नियम मालकाने लिहून लावलेला नव्हता, शेजारच्या साच्यावरचा कामगार तो पाळत होता.

बाबासाहेबांची मागणी अशी होती की अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम मिळावे, हे संपाच्या मागण्यांत घालावे, नाहीतर आपल्या लोकांनी संपात का राहावे? संपाच्या पुढाऱ्यांनी ते नाखुशीने मान्य केले. मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. साथी, या उत्तराकडे नीट पाहा. ते मालकाचे असले तरी खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते फार झोंबणारे आहे. जो अन्याय दूर करायला मालकाची परवानगी लागत नव्हती, जो कामगारांना स्वतःला दुसऱ्या दिवशी सकाळी संपवता आला असता, तो त्यांनी संपवला नाही. पुढच्या वर्षीच्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला आणि दलित कामगारांनी कामावर जावे अशी भूमिका घेतली. त्यावर कामगारांत फूट पाडल्याचा आरोप तेव्हाही झाला आणि आजही कोणी कोणी करतो. मला तो मुळीच मान्य नाही. फूट त्या धोट्यापाशी आधीच पडलेली होती. बाबासाहेबांनी ती मोठ्याने बोलून दाखवली, एवढेच.

त्याच १९२९ सालचा दुसरा भाग तुमच्या प्रश्नाला आणखी जवळचा आहे. शिवडीकडच्या तेल कंपन्यांत संप चालू होता आणि संप फोडायला पठाण मजूर आणले गेले होते. फेब्रुवारीत शहरात अफवा उठली की पठाण लहान मुले पळवतात. पठाणांवर हल्ले सुरू झाले आणि पाहता पाहता त्याची हिंदू-मुसलमान दंगल झाली. ज्या कामगारवस्त्यांनी आदल्या वर्षी सहा महिने उपासमार सोसून संप टिकवला होता, त्याच वस्त्यांच्या गल्ल्यांत ही दंगल पेटली. संपफोड्याविरुद्धचा राग, जो कामगार म्हणून योग्य होता, तो एका अख्ख्या जमातीवर वळायला एक अफवा पुरली. मार्च महिन्यात कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि त्यानंतरचा संप कोसळला. पुढारी तुरुंगात होते हे त्याचे एक मोठे कारण आहेच. पण दलित कामगार बाहेर आणि मुसलमान कामगार धास्तावलेला, अशा अवस्थेत संप टिकवायला मागे उरले होते तरी कोण?

याउलट १९३८ सालची गोष्ट घ्या. मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. त्यात संपाचा हक्क आवळला जात होता. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप पुकारला. दहा वर्षांपूर्वी जे एकमेकांकडे संशयाने पाहत होते, ते आता एका मैदानात आले होते. मधल्या काळात काय बदलले? १९३६ साली दलित कामगार आणि कूळ शेतकरी स्वतःचा पक्ष घेऊन उभे राहिले होते. १९३८च्या जानेवारीत खोती या कोकणातल्या जमीनदारी पद्धतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर आला होता. फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. आधी तुम्ही आमच्यात विरघळून जा आणि मग एकजूट, ही भाषा त्यांनी स्वीकारली नाही. आमचा हक्क मान्य करून आमच्या बरोबरीने या, असे ते म्हणाले, आणि संपाच्या हक्कावर घाला आला तेव्हा सर्वांच्या पुढे उभे राहिले. ज्याचा हक्क मान्य झाला तो लढ्यात येतो आणि ज्याला गप्प बसवले तो एक ना एक दिवस निघून जातो, हे या दहा वर्षांत दोन्ही बाजूंनी दिसून आले.

आता तुमच्या ज्येष्ठ साथींचे म्हणणे घेऊ. युनियनचे काम भाकरीचे आहे, हे त्यांचे वाक्य मला मनापासून पटते आणि ते हलके समजू नका. ज्यांनी बंद पडलेल्या गिरण्या पाहिल्या, ८२च्या संपानंतरची उपासमार पाहिली, ती माणसे भाकरीबद्दल बोलतात तेव्हा ऐकावे. परंतु तुमच्या कारखान्यात भाकरी कुठून येते ते त्यांच्यासमोर मांडा. बफिंगच्या चाकावर उभे राहून धातूची आणि पेस्टची धूळ नाकातोंडात घेणारी मुले पक्क्या कामगाराच्या मजुरीच्या एका भागात ते काम करतात. पक्क्या कामगाराचा करार होतो तेव्हा मालक पहिला हिशेब काय करतो? हे काम ठेक्यावर किती स्वस्तात होते, हा. आता ठेकेदाराने एका तोंडी निरोपावर अकरा माणसे शनिवार-रविवारात बदलली आणि कारखान्यात कोणी तोंड उघडले नाही, याची नोंद व्यवस्थापनाने घेतलेली आहे. उद्या तेच पक्क्यांच्या एखाद्या खात्याबाबत होईल. त्या वेळी कारण धर्माचे नसेल. वयाचे असेल, आजारपणाचे असेल, युनियनच्या पावतीपुस्तकाचे असेल. कारण न दाखवता माणूस काढण्याची वाट मात्र तुमच्या डोळ्यांदेखत या अकरा जणांच्या अंगावरून पाडली गेली आहे.

धर्म गेटच्या बाहेर ठेवा, हेही बरोबर आहे. पण या प्रकरणात धर्म गेटच्या आत कोणी आणला? त्या मुलांनी आणलेला नाही. ती कामावर आली होती. त्यांची नावे पाहून सुपरवायझरने तो आणला. तेव्हा ज्येष्ठ साथींचे तत्त्व पाळायचे असेल तर युनियनला सुपरवायझरविरुद्धच उभे राहावे लागेल.

मराठी सभासद दुसऱ्या युनियनकडे जातील, ही भीती मात्र खरी आहे आणि तिला गोड बोलून टाळू नये. काही जण जातील. मुंबईत असे झालेले आहे. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि नोकऱ्यांच्या प्रश्नाचा रोख मालकाकडून शेजारच्या दाक्षिणात्य कारकुनाकडे वळला. १९७० साली परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत, लाल बावट्याच्या अगदी बालेकिल्ल्यात, ती जागा शिवसेनेच्या वामनराव महाडिकांनी जिंकली. मराठी तरुणाची बेकारी खरी होती. त्याला उत्तर द्यायला डावे कमी पडले, हे कबूल केले पाहिजे. पण त्या उत्तराची सुरुवात ‘परप्रांतीयाला हाकला’ या घोषणेशी जुळवून घेण्याने झाली असती, तर मराठी कामगाराला नोकरी मिळाली असती का? पुढच्या पंधरा-वीस वर्षांत गिरण्या बंद पडत गेल्या. त्या दाक्षिणात्यांमुळे बंद पडल्या नाहीत. जमिनीचे भाव, जुनी यंत्रे, यंत्रमागांकडे वळवलेले काम आणि एकाच युनियनला प्रतिनिधित्व देणारा १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, या सगळ्यांना तोंड देताना गिरणी कामगाराच्या बाजूला उभे राहायला शहरात फार थोडे लोक उरले होते.

शिवाय मराठी सभासदाचे मन आपण आधीच अरुंद धरून चालू नये. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याइतका मराठी माणसाला जवळचा लढा दुसरा नाही. त्या लढ्यात गिरणगावाच्या मैदानांवर हजारो माणसे ज्यांच्या आवाजाने भारावून जात, ते शाहीर अमर शेख बार्शीचे मुसलमान होते. त्यांचे सोबती अण्णाभाऊ साठे मातंग समाजातून आलेले, आणि तिसरे द. ना. गवाणकर. १९४४ सालापासूनचे हे लाल बावटा कलापथक. मुंबई मराठी कामगाराची आहे हे ज्यांनी चाळीचाळीत जाऊन गायले, त्यांत एक मुसलमान आणि एक दलित होता, आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही खटकले नाही. कारण ते शाहीर त्यांच्याच संपात, त्यांच्याच मोर्चात वर्षानुवर्षे बरोबर होते. सोबत राहण्यातून जो विश्वास तयार होतो तो सभागृहातल्या भाषणाने होत नाही.

तुमच्या तरुण साथीला मी लंडनची एक हकिगत सांगेन. १९६८ साली तिथल्या गोदी कामगारांनी, म्हणजे कडव्या युनियनवाल्यांनी, परदेशातून आलेल्या लोकांविरुद्ध भाषण करणाऱ्या इनॉक पॉवेल यांच्या बाजूने पार्लमेंटवर मोर्चा नेला होता. १९७६च्या ऑगस्टमध्ये उत्तर लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम बंद केले. यातल्या बहुतेक बायका पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय वंशाच्या होत्या. सक्तीचा जादा वेळ आणि पदोपदीचा अपमान हे त्यांचे दुखणे, आणि युनियन मान्य करा ही मागणी. टपाल कामगारांनी त्या कारखान्याची पत्रे हाताळायला नकार दिला, खाणकामगार दूरदूरच्या गावांतून गेटवर आले, आणि १९७७च्या उन्हाळ्यात गोदी कामगारांचे प्रतिनिधीही आपला फलक घेऊन त्या साडी नेसलेल्या बायकांशेजारी उभे राहिले. नऊ वर्षांपूर्वी याच शहराच्या गोदीतून उलट दिशेचा मोर्चा निघाला होता. १९७८ साली तो लढा हरला, हेही सांगितलेच पाहिजे. युनियनला मान्यता मिळाली नाही, बायका कामावर परत गेल्या नाहीत, आणि शेवटी युनियनच्या वरिष्ठ मंडळींनी त्यांना पुरती साथ दिली नाही. अल्पसंख्याकांसाठी उभे राहिले की विजय नक्की, असे मी तुम्हाला मुळीच सांगणार नाही. पण गोऱ्या कामगाराचे मन बदलतच नाही, हे त्या गेटवर खोटे ठरले. ते बदलले कारण त्या बायका दया मागत नव्हत्या. त्यांनी युनियनचे कार्ड घेतले होते आणि ऊनपावसात पिकेट, म्हणजे गेटवर पहारा, लावले होते. गोदी कामगाराला त्यांच्यात आपलीच माणसे दिसली.

तरुण साथीच्या म्हणण्यात एक सत्य आहे आणि ते सोडून देऊ नका. पुष्कळ डाव्या व्यासपीठांवरून अल्पसंख्याकांचे हक्क वरून खाली सांगितले जातात. बोलणारे वेगळे, ज्यांच्याविषयी बोलायचे ते वेगळे आणि ज्यांनी ऐकून सुधारायचे ते कामगार तिसरेच. मजुरीची, घराची, पाण्याची मागणी मागे पडते आणि कामगाराला वाटते की आपल्याला फक्त उपदेश मिळतो आहे. अशा राजकारणाने कामगार तुटला असेल तर त्यात नवल नाही. या दोषावरचा उपाय मात्र हक्क सोडून देणे हा नव्हे. तुमच्या कमिटीकडेच पाहा. नव्वद पक्के, त्याहून जास्त ठेक्यावरचे, आणि कमिटीवर ठेक्यावरचा एकही नाही, असा माझा अंदाज आहे. मुसलमान नाही, बाई नाही. दोन मुलांना ‘युनियनकडे’ यावे लागले, याचाच अर्थ युनियन त्यांच्यात नव्हती.

मुंबई महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कचरा उचलणारी ही माणसे बहुतांशी दलित. त्यांना कामगार न म्हणता स्वयंसेवक म्हणायचे, ठेकेदार बदलत राहायचे आणि कायदा लागूच होऊ द्यायचा नाही, अशी व्यवस्था होती. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या लढ्यात हातमोजे आणि किमान वेतन ही वर्गाची मागणी, आणि सन्मानाने वागवा ही जातीची मागणी, अशी वाटणी कोणालाही करता आली नसती. ज्या माणसाला कामगार मानायलाच नकार दिला जातो, त्याची जात त्या नकारात सामील असते. तुमच्या अकरा मुलांचेही तसेच आहे. ठेक्यावरची म्हणून त्यांना सहज काढता आले आणि मुसलमान म्हणून त्यांनाच निवडून काढले.

एक गोष्ट आपल्यातले लोक बोलायला कचरतात, ती लिहितो. अल्पसंख्याकांचा हक्क म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंचा हक्क नव्हे. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत विधानभवनावर गेले. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. डाव्यांनी दलवाईंना त्यांच्या हयातीत पुरेशी साथ दिली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मुसलमान कामगाराच्या बाजूने उभे राहणारी युनियन मुसलमान बाईच्या बाजूनेही उभी राहिली पाहिजे, मग मोहल्ल्यातले वजनदार लोक नाराज झाले तरी चालेल. हा सरळपणा दाखवला तर तुमचा हिंदू सभासदही तुमच्यावर विश्वास ठेवील. त्याची खरी तक्रार पुष्कळदा अशी असते की तुम्ही एकाला एक माप लावता आणि दुसऱ्याला दुसरे.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘मजबूत होते का’ या भागाकडे येतो, कारण माझी अस्वस्थता तिथे आहे. एखाद्याचा हक्क आपण केवळ आपली ताकद वाढते म्हणून राखत असू, तर ज्या दिवशी ताकद घटेल असे वाटेल त्या दिवशी तो सोडून देऊ, आणि हे समोरच्याला नेमके कळते. अकरा मुलांना काढले हे चूक आहे. त्यांना परत घेण्याने तुमचे दहा सभासद वाढणार असोत की पाच कमी होणार असोत, ते चूकच आहे. युनियन करण्याचा तुमचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदात आहे, धर्मावरून भेदभाव न होण्याचा हक्क १५व्या अनुच्छेदात आहे आणि अल्पसंख्याकांना आपली भाषा-संस्कृती जपण्याचा हक्क २९व्या अनुच्छेदात आहे. तिन्ही एकाच भागात, मूलभूत अधिकारांच्या भागात आहेत. एक आमचा आणि बाकीचे त्यांचे, असे म्हणण्याची सोय तिथे ठेवलेली नाही. आधी हे योग्य आहे म्हणून करा. एकजूट त्यातून येते, पण उशिरा येते आणि आपण तिच्यावर डोळा ठेवून बसलो नसलो तरच येते.

न केल्याची किंमतही या शहराने मोजली आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे, ९०० माणसे मेली. त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. बहुतेक जण गरीब वस्त्यांतले. त्यानंतर मिश्र वस्त्या विरत गेल्या आणि हजारो मुसलमान कुटुंबे मुंब्र्याकडे गेली. संघटना बांधणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. एका खात्यात काम करणारे दोघे एका चाळीत राहत होते, एका नळावर भांडत होते आणि एका मयतीला जात होते, तेव्हा संपाचा निरोप रात्रीतून पोहोचत असे. आज तुमच्या बफिंग खात्यातला मुलगा कुठे राहतो हे तुमच्या कमिटीतल्या किती जणांना ठाऊक आहे?

तेव्हा करायचे काय, ते सांगतो. ठराव सध्या बाजूला ठेवा. पहिल्यांदा त्या अकरा जणांना भेटा, शक्यतो त्यांच्या खोलीवर जाऊन, आणि किती दिवस काम केले, पीएफ व ईएसआय कापला जात होता का, गेटपास कोणाच्या सहीचा होता, हे लिहून घ्या. तुमच्या युनियनच्या घटनेत ठेक्यावरच्या कामगाराला सभासद करून घेता येते का ते पाहा. येत असेल तर त्यांच्या नावाने सभासदत्वाच्या पावत्या फाडा आणि येत नसेल तर घटनादुरुस्ती सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. व्यवस्थापनाला पत्र द्या आणि काढण्याचे कारण लेखी मागा. तोंडी हुकूम देणाऱ्याला लेखी कारण देणे फार अवघड जाते. उत्तर आले नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात तक्रार नोंदवा.

शुक्रवारचा अर्धा तास मात्र वेगळा हाताळा. त्याला नमाजाची मागणी असे रूप देऊ नका. तसे केल्याने मागणी लहान होते आणि एकटी पडते. वेळ पुढेमागे करून भरून देण्याची सोय सर्व कामगारांना, पक्क्यांना आणि ठेक्यावरच्यांना, हक्काने मिळावी, अशी मागणी पुढच्या मागणीपत्रात घाला. कोकणातल्या माणसाला गणपतीला गावी जायचे असते, त्याची रजा मंजूर होईपर्यंत तो किती हेलपाटे घालतो हे तुम्हाला ठाऊक आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्याची हजेरी कापली जाते. मुलाला शाळेत सोडून येणाऱ्या बाईला दहा मिनिटांच्या उशिरासाठी अर्धा दिवस गमवावा लागतो. हे सगळे एका कलमात येते, आणि द्वारसभेत ते वाचून दाखवताना प्रत्येकाला आपले काहीतरी त्यात सापडेल. त्याच्याच खाली दुसरे कलम लिहा : धर्म, जात, भाषा किंवा प्रांत यांवरून कोणालाही, मग तो ठेक्यावरचा का असेना, कामावरून कमी करता येणार नाही. हे कलम मराठी कामगारालाही तितकेच लागू आहे, कारण या शहरात ‘मराठी मुलगा नको, युनियन करतो’ असे म्हणणारे मालकही आहेत.

सभेच्या आधी, जे सोडून जाण्याची भाषा करतात त्यांच्या घरी जा. त्यांना धर्मांध म्हणू नका. त्यांपैकी बहुतेकांना कराराची काळजी आहे आणि ती रास्त आहे. पगारवाढीचा आकडा मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर राहील आणि त्यात तडजोड होणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा व ते पाळा. मग अकरा जणांचा विषय काढा आणि सुपरवायझरचे बोलणे होते तसे त्यांच्या कानावर घाला. तरीही दोघे-तिघे गेले तर जाऊ द्या, पण त्यांच्याशी बोलणे तोडू नका. आणि सभेत हा विषय तुम्ही स्वतः मांडू नका. तुमच्या ज्येष्ठ साथींना मांडायला सांगा. भाकरीचे नाव त्यांनी काढले आहे, तेव्हा या अकरा जणांची भाकरी का गेली हे त्यांनीच सभेला सांगावे. ते तयार होईपर्यंत त्यांच्याकडे जात राहा. एका बैठकीत होणार नाही, पण मला वाटते ते होतील.